बाकं जागेवर आणा : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटीचे सर्व सदस्य,
आमची सोसायटी, कोथरूड, पुणे

स.न.वि.वि.

हे पत्र खरं तर नोटीस बोर्डावर लावायचं होतं. पण बोर्डाच्या काचेची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावं, तर पार्किंगच्या भांडणानंतर तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच बोलता येतं. राहता राहिला हा मार्ग. शिवाय बाकं उचलणारी कमिटी काही फक्त आमच्याच नशिबी आलेली नाही, तेव्हा चार बाहेरच्यांनीही वाचलं तर बिघडत नाही.

बी विंगसमोर बुचाच्या झाडाखाली सिमेंटची दोन बाकं होती. गेल्या महिन्यात एका सकाळी चार माणसं आली, पहारीने ती उखडली आणि पंपरूमच्या मागे नेऊन उलटी टाकली. संध्याकाळपर्यंत तिथे क्रोटनच्या आठ कुंड्या आणि एक पाटी आली: ‘येथे बसू अथवा रेंगाळू नये. आदेशावरून.’ पुण्यात राहायचं तर पाट्यांचं वाईट वाटून घेऊन चालत नाही, हे मान्य. पण मागाहून जे परिपत्रक निघालं, ते वाचून गप्प बसणं मला जमलं नाही. त्यात कारणं दिली आहेत: ‘जोडप्यांचे अशोभनीय वर्तन, बाहेरील व्यक्तींचा वावर, आणि सोसायटीची प्रतिमा.’

आता माझा यात संबंध काय, ते सांगते. माझी गॅलरी पहिल्या मजल्यावर, त्या बाकांच्या बरोबर डोक्यावर. बँकेतून रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा, दुपारची भाजी निवडणं, संध्याकाळी कपड्यांच्या घड्या, सगळं मी तिथेच बसून करते. खाली काही अशोभनीय घडलं असतं तर पहिल्या रांगेचं तिकीट माझं होतं. मला कधी काही दिसलं नाही. तक्रार आली ती पाचव्या मजल्यावरून. तिथून बाकावरचं वर्तन बघायचं तर झाडाच्या फांद्या आड येतात आणि कठड्यावरून बरंच वाकावं लागतं. तक्रारदारांचं वय बघता हे धोक्याचं आहे. कमिटीने त्यावरही एखादं परिपत्रक काढायला हरकत नाही.

त्या बाकांवर कोण बसायचं याची नोंद कमिटीकडे नसावी. माझ्याकडे आहे.

सकाळी आठला निवृत्त नवरे. घरात केर-फरशी चालू असते आणि ‘पाय वर घ्या’ म्हणून म्हणून बायका कंटाळलेल्या असतात, तेव्हा ही मंडळी खाली येऊन मेट्रो, मधुमेह आणि मुलांचे व्हिसा या विषयांवर तासभर बोलतात. आमचे हेही त्यातलेच. मग कामाच्या मावश्या. एका घरचं काम साडेदहाला संपतं आणि दुसऱ्या घरच्या मॅडमची मीटिंग साडेअकराला. मधला तास त्यांनी कुठे काढायचा? ज्यांच्या हातच्या पोळ्या आपण खातो त्यांना ‘बसा हो सोफ्यावर’ म्हणायची आपली पद्धत नाही. निदान खाली बाक होतं. दुपारी डिलिव्हरीची मुलं यायची, पाच मिनिटं टेकायची, पाणी प्यायची, पुढे जायची. हेच आपले ‘बाहेरील व्यक्ती’. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवताना ते आपल्याला बाहेरचे वाटत नाहीत.

आता परिपत्रकातल्या जोडप्यांकडे येते.

सी विंगमध्ये एक जोडपं आहे. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, दोघंही आयटीत, दोघंही घरून काम करतात. लोक म्हणतात, किती छान, दिवसभर एकत्र! ती बेडरूममध्ये दार लावून बंगळुरूच्या टीमशी बोलते, तो हॉलमध्ये कुठल्या तरी गोऱ्या साहेबाशी. जेवायला काय करायचं हेसुद्धा मेसेजवर ठरतं, कारण दार उघडलं तर कॅमेऱ्यात दिसतं. रात्री साडेदहाला दोघं खाली यायचे. एकाच फोनवरचं गाणं, एकेकाच्या एकेका कानात. भांडायचेही तिथेच. मला ऐकू यायचं, मी काही कानात बोळे घालून बसत नाही. एकदा ती म्हणाली, ‘मेसेज बघितलास, निळी टिक आली, मग उत्तर का नाही दिलंस?’ तो म्हणाला, ‘अगं, मी शेजारच्या खोलीत होतो!’ यावर ती जे म्हणाली ते त्या दोघांमधलं आहे, मी लिहीत नाही. पण दहा मिनिटांनी दोघं कुल्फी आणायला गेटबाहेर गेले.

बाकावरच्या भांडणाला आपोआप शिस्त लागते. आवाज चढला की वर माणसं राहतात याची आठवण होते. आणि शेजारी शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघंही समोरच्या स्कूटरींकडे बघत बोलतात. अवघड विषय असेच निघतात. तेच वाक्य स्वयंपाकघरात बोललं गेलं असतं तर एखादं पातेलं आपटलं असतं.

बघण्याच्या कार्यक्रमाचंही तसंच. पूर्वी पोहे असायचे आणि मुलीने मान खाली घालून बसायचं असायचं. आता मुलगा-मुलगी साइटवर एकमेकांना ‘इंटरेस्ट’ पाठवतात, महिनाभर चॅट करतात, मग घरचे भेटतात, चहा होतो आणि कुणीतरी मावशी म्हणते, ‘तुम्ही दोघं जरा खाली जाऊन मोकळेपणाने बोला.’ आपल्या सोसायटीत खाली म्हणजे बाकावर. दिवाळीच्या सुमारास अशाच एका मुलीने तिथे विचारलेलं मी ऐकलं: ‘कुकर लावता येतो?’ मुलगा म्हणाला, ‘हो, म्हणजे यूट्यूब बघून.’ ‘वरणभाताला शिट्ट्या किती?’ मुलगा गप्प. ते लग्न ठरलं नाही. पण प्रश्न रास्त होता, आणि वर दोन्हीकडच्या मावश्यांदेखत तो विचारला गेला नसता. कमिटीने एका मुलीचं पुढलं सगळं आयुष्य वाचवणारी जागा काढून टाकली आहे. किंवा त्या मुलाचं. मला दोन्ही बाजू माहीत नाहीत.

आणि मग ज्यांच्यावर सगळ्यांचा डोळा आहे ती मुलं. ए विंगमध्ये नोकरी करणाऱ्या तीन मुली भाड्याने राहतात. घरमालकाची अट अशी की मित्र घरी आणायचा नाही. म्हणून त्यांच्यातल्या एकीचा मित्र यायचा, गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नाव-नंबर-फोटो द्यायचा आणि दोघं बाकावर बसायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात, वॉचमनच्या समोर, माझ्या डोक्याखाली. मी तिला विचारलं, ‘काय गं, हा कोण?’ म्हणाली, ‘काकू, सध्या आम्ही नुसतं बोलतोय.’ आमच्या वेळी नुसतं बोललं तरी घरचे साखरपुड्याची तारीख काढायचे. आता नुसतं बोलणं ही एक स्वतंत्र पायरी आहे, तिला महिनोन्महिने लागतात आणि ती ओलांडल्यावरही ‘अजून लेबल लावलेलं नाही’ असं असतं. मला त्यातलं सगळं कळतं अशातला भाग नाही. एवढं कळतं की बोलतायत तर बोलायला जागा लागणार. याहून उजेडाची, याहून सभ्य जागा कमिटीने पुण्यात दाखवावी.

दाखवाच. दुपारी महापालिकेच्या बहुतेक उद्यानांना कुलूप. अंधार पडल्यावर टेकडीवर जा म्हणून मी कुठल्याही मुलीला सांगणार नाही. कॅफेत दोन कॉफ्यांचे पाचशे रुपये होतात आणि कप रिकामा झाला की वेटर ‘अजून काही?’ म्हणत फिरतो. उरतो डेक्कनचा झेड ब्रिज. तिथे संध्याकाळी ओळीने दुचाक्या लागतात आणि प्रत्येक दुचाकीवर नदीकडे तोंड करून दोघं बसलेली असतात. त्या पुलाखालच्या मुठेचं पाणी आणि वास आपल्याला ठाऊक आहे. तरी पोरं तिथे जातात, यावरून शहरात जागेची काय टंचाई आहे ते समजावं.

हे आजकालच्या पोरांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. एक खोली, तीत आई-वडील, आजी, आम्ही तीन भावंडं आणि वर्षातले सहा महिने गावाकडचा कुणीतरी पाहुणा. माझे आई-वडील रात्री जेवणं झाली की ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणत चौपाटीवर जायचे. आमच्या चाळीतली निम्मी लग्न झालेली जोडपी तिथे भेटायची आणि सगळी एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करायची. मरीन ड्राइव्हचा साडेतीन किलोमीटरहून लांब कठडा त्या पिढीने वापरला तो हवा खायला नव्हे. पगार पुरेना, नणंदेचं लग्न, आजीचं दुखणं, सगळं तिथे, शहराकडे पाठ करून बोललं गेलं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याचीही तीच कथा. कुणाच्या कमिटीने तो कठडा उखडला नाही, म्हणून बरेच संसार शाबूत राहिले.

माझाही प्रसंग सांगते, म्हणजे माझा स्वार्थ लपून राहायला नको. थंडीच्या दिवसांत आमच्या मुलीचा बंगळुरूहून फोन आला. ती आणि तो मुलगा एकाच घरात राहायला लागलेत, लग्नाचं पुढे बघू म्हणाली. सासूबाई हॉलमध्ये मालिका बघत होत्या; वय नव्वदीकडे झुकलेलं, पण कान तिखट. आम्ही दोघं ‘कचरा टाकून येतो’ म्हणून खाली उतरलो आणि बाकावर बसलो. हे बराच वेळ काही बोलेनात. मग म्हणाले, ‘भाडं निम्मं निम्मं देतात का?’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘आणि भांडी?’ मी म्हटलं, ‘विचारते.’ पुन्हा गप्प. मग फोन काढून बसले आणि मला म्हणाले, सज्ञान स्त्री-पुरुषांनी एकत्र राहणं हा गुन्हा नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय. मी म्हटलं, कोर्टाचं झालं, सासूबाईंना कोण सांगणार? त्या रात्री दोघांनाही रडायचं होतं, हसायचं होतं आणि थोडं भांडायचंही होतं. ते सगळं झालं, आणि वर गेलो तेव्हा चेहरे जागेवर होते. हे लिफ्टमध्ये करता येत नाही. कचऱ्याची बादली तेवढी खालीच विसरली, ती वॉचमनने आणून दिली.

आता हरकती, एकेक करून.

पहिली, ‘अशोभनीय’ची. कायद्यातही अश्लील कृत्याला शिक्षा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९६. पण तिथेसुद्धा इतरांना त्रास व्हावा लागतो. पाचव्या मजल्यावरून मुद्दाम वाकून मिळवलेला त्रास त्यात बसतो का, हे वकिलांना विचारा. शेजारी बसणं, खांद्यावर डोकं ठेवणं, रडणाऱ्या माणसाचा हात धरणं यांसाठी कलम नाही. खरोखर कुणी मर्यादा सोडली असती तर वॉचमनने एकदा खाकरलं की पुरे होतं. बाकाने कुणाचं काय केलं होतं?

दुसरी, ‘प्रतिमे’ची. बोरिवलीत २०२१ साली एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ असं रंगवलं गेलं. त्या रंगाचे फोटो देशभर फिरले, जोडप्यांचे नव्हेत. त्याआधी ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर धाड घालून मुंबई पोलिसांनी जोडप्यांना चौकीत नेलं. एवढी टीका झाली की आयुक्तांना चौकशी लावावी लागली. नीती सांभाळायला निघालेल्यांचीच प्रतिमा जाते असा एकूण अनुभव आहे. आपल्याकडे आठ क्रोटन आणि एक पाटी बघून परवा माझ्या भाचीने विचारलं, ‘मावशी, इथे कुणी गेलं का?’

तिसरी, पद्धतीची. हा निर्णय कुठल्या सभेत झाला? इतिवृत्त बघायला मागितलं तर ‘लिहायचं राहिलंय’ असं उत्तर मिळालं. लिफ्टची केबल बदलायला ज्या कमिटीला अकरा महिने आणि तीन कोटेशनं लागली, तिने बाकं एका सकाळीत उचलली. कामाचा हा वेग बघून कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. कुंड्यांचा खर्च मेंटेनन्समधून झाला असेल तर तो आमचाही पैसा आहे.

चौथी हरकत मी थट्टेत घेणार नाही. डावीकडचं बाक डी विंगमधल्या आजोबांनी पत्नीच्या स्मरणार्थ दिलेलं होतं. पाठीवर तिच्या नावाची संगमरवरी पाटी होती. त्या असताना दोघं संध्याकाळी तिथे बसायचे, नंतर ते एकटे बसायचे, उजवीकडची जागा सोडून. बाक काढताना त्यांना कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. ते नेहमीच्या वेळेला खाली आले, कुंड्या बघितल्या आणि परत वर गेले. पाटी सध्या पंपरूममागे जमिनीकडे तोंड करून पडली आहे. परिपत्रकावर सह्या करणाऱ्या पाच जणांपैकी एकाला तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाता आलं नाही?

आणि एक राहिलं. दर रविवारी दहाला एक तिशीतला बाबा यायचा. त्याची सहा वर्षांची मुलगी आपल्याकडे आईबरोबर राहते. वर जायचं नाही असं त्यांचं ठरलेलं, म्हणून तो बाकावर बसायचा, ती धावत खाली यायची, संध्याकाळी तिथेच परत सोडायचा. ताटातूट कशी नीट करावी हे मी त्या तिघांकडून शिकले. आता तो गेटबाहेर मोटारसायकलवर थांबतो. मागच्या रविवारी पावसात थांबला होता.

तेव्हा मागण्या अशा:

१. दोन्ही बाकं गणपती बसायच्या आत होती त्याच जागी बसवावीत. पाठीवरची पाटी घासूनपुसून, सरळ. मजुरी मी देईन, पावती मात्र हवी.

२. कमिटीने आजोबांच्या घरी जाऊन दिलगिरी व्यक्त करावी. जाऊन म्हणजे जिना चढून. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेली चित्रं पाठवून नव्हे.

३. ‘बसू अथवा रेंगाळू नये’ ही पाटी काढावी. क्रोटन राहू देत, त्यांचा काही दोष नाही. फक्त बाजूला सरकवा.

४. बाकावर बसलेल्यांना ‘तुम्ही एकमेकांचे कोण?’ असं विचारायची ड्यूटी वॉचमनला लावू नये. सगळ्यांनाच त्याचं उत्तर माहीत असतं असं नाही, हे वर लिहिलंच आहे.

५. कामाच्या मावश्या आणि डिलिव्हरीची मुलं याच बाकांवर बसतील. त्यांच्यासाठी पार्किंगमध्ये वेगळं स्टूल ठेवण्याची जी कल्पना निघाली आहे, ती जिथून निघाली तिथेच परत जावी.

६. हे मान्य नसेल तर विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर विशेष सभा बोलवावी लागते. आपले फ्लॅट छप्पन्न, म्हणजे बारा सह्या पुरतात. आज सकाळपर्यंत एकोणीस झाल्या आहेत. त्यातली एक आपल्या खजिनदारांच्या सौभाग्यवतींची आहे, त्यांना घरी त्रास होऊ नये ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंग, पहिला मजला

ता. क. : बाकं गेल्यापासून जोडपी बोलायची थांबलेली नाहीत. सध्या ती गच्चीच्या जिन्यात बसतात. तो जिना पाचव्या मजल्यावरूनच सुरू होतो, तक्रारदारांच्या दाराला लागून, आणि तिथला बल्ब गेलेला आहे. बल्ब बदलावा.